अंधार पडला म्हणून फिल्म कॅमेरा बॅगेत ठेवू नका

रात्री रस्त्यावर मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यानं फोटो काढणं म्हणजे रोल वाया घालवणं, असं सांगणारी एक यादी सध्या खूप फिरते आहे. कारणं चार: मीटरशिवाय (उजेड मोजणाऱ्या साधनाशिवाय) एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पाडायचा ते, कळत नाही, ३२०० ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी वेगवान फिल्मच लागते, एफ/१.२ ची, म्हणजे खूप मोठी उघडणारी लेन्स लागते आणि अंधारात फोकस जमत नाही. नव्यानं फिल्मकडे वळलेली मंडळी हे वाचून दिवेलागणीलाच कॅमेरा आत ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी मीटर. समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेवर आणणं एवढंच मीटरला कळतं. काळोखी गल्ली दाखवली की तो भरमसाट एक्स्पोजर सुचवतो आणि रात्रीची दुपार होते. फ्रेममध्ये दिवा आला की माणसं काळी पडतात. म्हणजे मीटर असला तरी अंदाज आपलाच. आणि हा अंदाज दिवसापेक्षा रात्री सोपा, कारण रस्त्यावरचे दिवे ढगांसारखे मिनिटामिनिटाला बदलत नाहीत. ४०० ची फिल्म असेल तर दुकानांच्या झगमगाटात एफ/२ ला १/१२५ सेकंद, साध्या दिव्यांच्या रस्त्यावर एफ/२ ला १/३०. सुरुवातीला एवढं पाठ असलं की पुरे. माणूस एकट्या दिव्यापासून दुप्पट लांब गेला, तर त्याच्यावरचा उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). १९३० च्या दशकात ब्रासाई हा छायाचित्रकार पॅरिसच्या रात्री प्लेट कॅमेरा तिवईवर लावून टिपायचा आणि एक्स्पोजर मोजायचा सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळावर!

फिल्मचं म्हणाल, तर डब्यावरच्या ३२०० ला भुलू नका. इल्फर्ड कंपनीच्या डेल्टा ३२०० या फिल्मचा खरा वेग आयएसओ १००० आहे, हे इल्फर्डच सांगते. पुढचं काम डेव्हलपिंग वाढवून होतं. तसंच इल्फर्डचीच ४०० ची एचपी५ प्लस १६०० ला पुश करता येते, म्हणजे १६०० ची समजून फोटो काढायचे आणि डेव्हलपिंग वाढवायचं. फक्त अख्खा रोल त्याच वेगानं काढायचा. पुश केल्यानं गडद सावलीतला तपशील परत येत नाही, हे खरं. पण रात्रीच्या फोटोत सावली काळीच असावी, असं माझं ठाम मत आहे.

लेन्स आणि फोकस हे तर एकमेकांना छेद देणारे मुद्दे आहेत. ५० मिमीची लेन्स एफ/१.२ ला उघडून तीन मीटरवर फोकस केली, तर जेमतेम पाव मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. अंधारात फोकस चुकतो तो यामुळेच. ३५ मिमीच्या लेन्सवर एफ/२ ला तोच पट्टा सुमारे ९० सेंटिमीटरचा होतो. तीन मीटरवर रिंग ठेवा, व्ह्यूफाइंडरशी झगडू नका, अंतर पायांनी साधा.

अडचण एकच खरी: १/३० ला आडवा चालत जाणारा माणूस पुसट येतो. आपल्या दिशेनं येणारा त्यापेक्षा बराच स्पष्ट येतो, थांबलेला तर व्यवस्थित येतो. आडवी चाल स्पष्ट हवीच असेल, तर रोल १६०० ला पुश करा. त्याच रस्त्यावर, त्याच एफ/२ ला १/१२५ मिळतो.