सिलिकॉनचा वायपर सगळीकडे चालत नाही

पावसाळा तोंडावर आला की गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: "रबराचे वायपर फेकून द्या, रबर उन्हात वितळतं. सिलिकॉनचे लावा, पाच वर्षं बघायला नको. कुठल्याही हवामानात चालतात, शिवाय काचेवर कोटिंग करतात. काच नीट पुसली जात नसेल तर धार रॉकेलने पुसा." यातलं थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या भरवशावर लोक भर पावसात घाट चढतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गंधक घालून पक्कं केलेलं रबर चंद्रपूरच्या मे महिन्यातही वितळत नाही. त्याला खातो तो ओझोन. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तो जमिनीलगत तयार होतो आणि नैसर्गिक रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो. धार बोटाने वाकवून बघा, ताण पडतो तिथे आडव्या बारीक भेगा दिसतील. सिलिकॉन आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) यांच्या रेणूंच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, त्यामुळे इथे ते खरोखरच सरस आहेत. नागपूर-अकोल्याकडे गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहत असेल तर जरूर घ्या.

पण पाच वर्षं? वायपरची धार एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि प्रत्येक फेरीला दोन्ही टोकांना उलटी वळते. फाटणं आणि झिजणं सोसण्यात सिलिकॉन नैसर्गिक रबराच्या मागे आहे. कोरड्या धुळीवर तो दोन-चार वेळा फिरवला की कणाने धारेला खाच पडते, आणि मग नेमकी डोळ्यांसमोर पाण्याची रेघ राहते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि काचेवर जांभ्याची लाल माती उडतेच. तिथे धार उन्हाच्या आधी झिजेने जाते. कोकणात मी चांगलं नैसर्गिक रबरच घेईन आणि दर मेअखेरीला बदलेन. त्याला जुनाट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्याच्या धारेवर कारखान्यात क्लोरीनची प्रक्रिया करतात, वर ग्राफाइटही चढवतात. म्हणून ते काचेवर आवाज न करता सरकतं.

कोटिंगचं म्हणाल तर सिलिकॉनचा थर काचेवर बसतो आणि पाण्याचे थेंब होतात हे बरोबर. हायवेवर वेगात ते वाऱ्याने उडून जातात. घाटात, ट्रकच्या मागे रांगेत, रिमझिम पावसात मात्र ते जागेवरच राहतात. काच तेलकट असेल तर वायपर थरथरतो आणि समोरच्या दिव्यांचे फराटे उमटतात. ऐन गरजेला दिसत नाही, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

कॅनडातल्या नातेवाइकाचा अनुभव इकडे लावू नका. कडाक्याच्या थंडीत सिलिकॉन मऊ राहतो, हा त्याचा मोठा गुण; पण तिथेही वायपरच्या सांध्यात बर्फ साचला तर धार कितीही चांगली असली तरी काचेला टेकत नाही.

रॉकेल मात्र अजिबात नको. त्याने नैसर्गिक रबर फुगतं, ईपीडीएम फुगतो, सिलिकॉनही फुगतो. काच साबणाच्या पाण्याने धुवा, धार ओल्या फडक्याने एकदा पुसा. फडकं थोडं काळं होईल. ते पांढरं येईपर्यंत घासत बसू नका, धुळीबरोबर ग्राफाइटही निघून जातं.