पिझ्झा आला कसा?

सध्या सासरे आलेत आमच्याकडे, सहा महिने मुक्काम, आणि परवा मला अवदसा आठवली की सगळ्यांनी मिळून 'होम अलोन' बघूया. १९९० चा पिक्चर, शाळेत असताना केबलवर बघून लोळून हसले होते, आणि आता तर त्यातलं ते लाल विटांचं घर शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलपासून गाडीने तासाभरावर, विनेटकाला.

अप्पा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

सुरुवातीलाच वादळात तारा तुटतात, लाइट जाते, गजर होत नाही आणि पॅरिसचं विमान गाठायच्या धावपळीत आठ वर्षांचं पोरगं, केविन, घरीच राहतं. निघताना लाइनमन सांगतो, लाइट आली, पण फोनला दोनेक दिवस लागतील. अप्पा सावरून बसले. "बरोबर. सणाला माणसं कुठं मिळतात!" पुढे आई पॅरिसहून जीव तोडून फोन लावते. "नाही लागणार," अप्पा खुशीत. आणि मग केविन आरामात फोन उचलून पिझ्झा मागवतो.

पॉज. रिमोट अप्पांकडे होता.

"लाइन डेड आहे ना?"

"अहो अप्पा, पिक्चर आहे."

"ते कळतंय गं. पण डायल टोन आला कुठून?"

आमच्या चिरंजीवांना अक्कल पाजळायची हौस. म्हणे, लोकल चालू असेल, बाहेरगावचे बंद. झालं! माझ्या किराणाच्या यादीमागे खांब, डीपी म्हणजे फोनच्या तारा वाटणारी पेटी, तिथून घरात येणारी ड्रॉप वायर अशी आकृती निघाली. "ही जोडी तुटली की लोकल काय नि ट्रंक काय, दोन्ही गेलं. समजलं?" मग मिरजेला ऐन गणपतीत अख्खी गल्ली बंद पडली होती ते, मग भिजलेली केबल, मग कुणाच्या तरी लग्नाची तार. वीस मिनिटं केविन कानाला रिसीव्हर लावून तसाच उभा. चहा गार. किराणाची यादी तर अजून त्यांच्याच खिशात आहे.

बरं, पुढे तरी हसावं, तर घरात शिरलेल्या चोरांपैकी एकाच्या तोंडावर इस्त्री आदळली आणि माझ्या डोक्यात एकच, केविनने त्यांच्यासाठी जिन्यावर फासलेलं ते डांबर काढणार कोण? दुसऱ्या दिवशी घर चकाचक! आमच्याकडे साधा वरणाचा डाग तीन दिवस माझी वाट बघतो.

शेवटी ती आई कानातले देऊन तिकीट मिळवते, डॅलस, स्क्रँटन करत, मग कुठल्याशा बँडवाल्यांच्या गाडीतून घरी पोचते. दोन मिनिटांत मागून नवरा आणि बाकीची वरात हजर, तिने जिच्यासाठी थांबायचं नाकारलं त्याच फ्लाइटने. अप्पा म्हणाले, "बघ, नुसती घाई." आणि आमचा हा हसला. जोरात.

गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनला मी दोन ठिकाणी विमान बदलत गेले, हा चार दिवसांनी डायरेक्ट फ्लाइटने झोप काढत आला, तेव्हाही अगदी हेच ऐकलं होतं. एवढी घाई कशाला.

मी म्हटलं, "अप्पा, फोन लागला असता तर ती अशी धावली असती का?"

अप्पा गप्प झाले. चष्मा पुसला. मग रिमोट उचलला आणि पिक्चर पुन्हा पिझ्झापर्यंत मागे नेला.