रँकिंग सामाईक करून घ्या

फुटबॉलचा आणि आपला काय संबंध, असं विचारणारे सांगलीत पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. फुटबॉल कोल्हापूरचा, हे खरंच आहे. तिथं तालमी शाहू स्टेडियमवर भिडतात आणि आपण फार तर अंकलीचा पूल ओलांडून बघायला जातो, पांढरा रस्सा पिऊन परत येतो. पण विश्रामबागेत रात्री साडेबाराला गजर लावून युरोपातल्या मॅचेस बघणारी जी मंडळी आहेत, आणि तुम्ही त्यातलेच असणार, त्यांच्या मनात एक सल आहे. स्पेनच्या पासिंगवर तासभर बोलून झालं की कोणीतरी शहाणा चहाचा कप खाली ठेवत विचारतो, "आणि आपला नंबर कितवा?" त्यानंतर एकदम सगळ्यांना घरी जायची आठवण होते.

या सलावर माझ्याकडे औषध आहे. फुकट देतो.

आधी दुखणं बघू. फिफाच्या जुलै २०२५ च्या पुरुषांच्या यादीत भारत १३३ वा. यादीत देश २१०. म्हणजे नापास नाही, पण पाहुण्यांसमोर काढायचं प्रगतिपुस्तकही नाही. आता पुढच्याच महिन्यातली महिलांची यादी काढा. भारत ६३ वा. या मुलींनी नुकतीच मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० अशी धूळ चारून शेवटी थायलंडला त्यांच्याच घरी हरवलं होतं. एकाच देशाचे दोन संघ, दोघांच्या मधे सत्तर पायऱ्या. तुमच्या लक्षात आलं असेलच मी कुठं निघालोय ते.

सातबारा सामाईक करायचा. १३३ अधिक ६३ बरोबर १९६, भागिले दोन, ९८. शंभराच्या आत! एक किक न मारता, प्रशिक्षक न बदलता, एकही नवीन मैदान न बांधता. पुरुष संघ २०२३ च्या जुलैमध्ये ९९ वर आला होता तेव्हा केवढा आनंद झाला होता आठवा. तो आनंद आता कागद-पेन्सिलीवर मिळतोय.

आणि सरासरीवर समाधान मानू नका. हिशेब करणाऱ्याच्या हातात कला हवी. दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, साडेएक्याण्णव येतं. पुरुष संघाची आजवरची सर्वोत्तम जागा ९४ वी, ती १९९६ च्या फेब्रुवारीतली. म्हणजे वर्गमूळ काढल्या काढल्या तुम्ही इतिहास मागं टाकलात. त्यानंही पोट भरलं नाही तर दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'सारखं 'बेस्ट ऑफ टू' करा. दोनातला चांगला विषय धरायचा, वाईट सोडायचा. थेट ६३. कोणती पद्धत बरोबर, असं कोणी विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं सांगा की यावर जाणकारांत मतभेद आहेत.

एक खड्डा मात्र चुकवा. दुसऱ्या देशांनाही अशीच सरासरी लावली तर काय, हे कोणाला सुचू देऊ नका. कारण सगळ्यांची सरासरी काढून पुन्हा यादी लावली की ९८ हा काही ९८ वा नंबर राहत नाही, तो नुसता गुण होतो आणि नंबर भलतीकडेच निघतो. शिवाय त्या घोळात अर्जेंटिना येतो. २०२२ चे जगज्जेते त्यांचे पुरुष. त्यांच्या बायकांनी विश्वचषकात आजवर एकही मॅच जिंकलेली नाही. उत्तर कोरियाचं नेमकं उलटं, तिथं बायका पहिल्या दहाच्या आसपास आणि पुरुष शंभराच्या पलीकडे. आणि स्पेनचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२५ ला बायका एक नंबर, सप्टेंबरला पुरुष एक नंबर. त्यांची सरासरी काढायला बसलेल्या माणसाचे पैसे फुकट जातील. तेव्हा सामाईक खातं फक्त आपलं करायचं. बाकीच्यांचे उतारे वेगवेगळेच राहू द्या.

तुमच्या ग्रुपमध्ये एखादा इंजिनियर असेल. वालचंदचा असेल तर जास्तच सांभाळा. तो म्हणेल, क्रमांक कसले मिसळता, मुळात गुणच वेगळ्या मापाचे आहेत. दुर्दैवानं त्याचं बरोबर आहे, म्हणून त्याचं म्हणणं आधीच समजून घ्या, म्हणजे त्याचं तोंड कधी बंद करायचं ते कळेल. दोन्ही याद्या तत्त्वानं एकाच घराण्यातल्या: बलाढ्याला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर कमी. पण महिलांची यादी २००३ ला सुरू झाली तेव्हापासूनच अशी आहे. पुरुषांकडे ही रीत २०१८ च्या ऑगस्टमध्ये आली. पुरुषांच्या सूत्रात गुणांचा फरक ६०० नं भागतात, महिलांच्यात ४०० नं. महिलांच्या यादीत घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हिशेबात १०० गुण जास्त धरतात, पुरुषांत घर आणि परघर सारखंच. आणि सगळ्यात मजा म्हणजे महिलांच्या हिशेबात गोल किती मारले ते मोजतात. पुरुषांच्या यादीत १-० नं जिंका नाहीतर १३-० नं, पावती तेवढ्याचीच फाटते.

आता हे सांगलीकराला कसं समजावायचं? सोपं आहे. ऑगस्ट आला की आपण सगळे रोज सकाळी दोन आकडे बघतो. आयर्विन पूल अमुक फूट, कोयना अमुक टीएमसी. पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. धरण १०५ टीएमसीला भरतं. दोन्ही आकडे पाण्याचेच, दोन्ही एकाच नदीच्या घरातले, एक वाढला की दुसऱ्याची काळजी लागते. तरी गावभागातल्या कुठल्या आजीनं आजवर ३८ आणि ९६ यांची बेरीज करून भागिले दोन केलेलं ऐकलंय? तिला दोन्ही आकडे वेगवेगळे हवे असतात, कारण त्यावर गादी माळ्यावर टाकायची की नाही ते ठरतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कोणी 'सरासरी बरी आहे' म्हणून घरात बसून राहिलं नाही.

पण आजीचं जाऊ द्या, तिला फुटबॉलमधलं काय कळतं.

मार्केट यार्डातही हा प्रयोग करू नका. हळदीच्या सौद्याला हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा. तुम्ही दोन्ही एका पोत्यात भरून 'सामाईक हळद' म्हणून घेऊन गेलात तर व्यापारी पोत्यात हात घालेल, मूठभर माल बाहेर काढून बोटानं दोन ढीग करेल, तुमच्याकडे बघेल आणि भाव लावेल तो गड्ड्याचा. हळद बिचारी तोंडावर खरं बोलते. रँकिंगचं तसं नाही, त्याला हात लावून बघता येत नाही, म्हणूनच ते मिसळायला उत्तम.

हे तंत्र मी शोधलं असा तुमचा गैरसमज व्हायला नको. माझ्या घरातलं आहे. नववीत मी एक वर्ष मुक्काम वाढवला होता, त्यामुळे धाकटी बहीण आणि मी एकाच वर्षी दहावीला बसलो. निकाल लागला. तिला ८६ टक्के, मला ४४. अण्णांनी वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की पहिला वर्ग आणणाऱ्याला घड्याळ. संध्याकाळी शेजारचे काका निकाल विचारायला आले, तेव्हा अण्णा क्षणभर गप्प बसले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "दोघांचे मिळून एकशे तीस. म्हणजे प्रत्येकी पासष्ट. दोघंही फर्स्ट क्लास!" पेढे वाटले. एका खोक्यावर दोघांचं नाव. घड्याळ एकच आणलं होतं, ते मला मिळालं. मुलाला बाहेर जावं-यावं लागतं, वेळ कळायला हवी, असं कारण होतं. बहिणीनं त्या दिवशी पेढा खाल्ला नाही, एवढंच मला आठवतं. तेव्हा वाटलं, तिला खव्याचं पथ्य असेल.

तर सामाईक खात्याचा खरा फायदा इथं आहे. गुण तिचे जमा होतात आणि घड्याळ आपल्याला मिळतं. गावोगावी हे आपण करतोच. सरपंच ती, सही तिची, आणि ग्रामसभेत माईक ह्यांच्या हातात. फुटबॉल काय वेगळा आहे?

पण सावध करतो, अमेरिकेचं अनुकरण चुकूनही करू नका. ती माणसं उलट्या डोक्याची. त्यांच्या बायकांचे विश्वचषक चार: १९९१, १९९९, २०१५, २०१९. महिलांची यादी सुरू झाल्यापासून वीस वर्षं त्या पहिल्या दोन क्रमांकांच्या खाली उतरल्या नाहीत. त्यांच्या पुरुषांची सर्वोत्तम जागा चौथी, २००६ ची. आता आपण असतो तर पहिल्या आठवड्यात रँकिंग एकत्र केलं असतं की नाही? त्यांनी रँकिंग ठेवलं वेगळं आणि २०२२ ला पैसे केले एकत्र! दोन्ही विश्वचषकांतून मिळणारी बक्षिसाची रक्कम एका गल्ल्यात टाकायची आणि पुरुष-बायकांनी वाटून घ्यायची. का, तर २०१८ चा पुरुषांचा विश्वचषक जिंकणाऱ्या देशाला ३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले आणि २०१९ चा महिलांचा जिंकणाऱ्याला ४० लाख. त्याआधी समान पैसे मागत त्या बायका २०१९ ला कोर्टातही गेल्या होत्या. त्यांच्याकडे अण्णा नव्हते, दुसरं काय.

आपल्याला हवी ती एकी आकड्यांची. पैशाची, मैदानाची, सरावाच्या वेळेची एकी कोणी मागितली तर म्हणायचं, "दोन्हीची तुलना करू नये, ते खेळच वेगळे आहेत." एकाच माणसानं एकाच संध्याकाळी दोन्ही वाक्यं बोलली तरी चालतात. मी बोलून बघितली आहेत. भडंग खाता खाता कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या गावाला याची सवयही आहे. स्मृती मानधनाच्या संघानं २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला, त्या रात्री अख्खी सांगली 'आपण जिंकलो' म्हणत होती. त्यात मीही होतो. तिच्या लहानपणी मुलींच्या मॅचला किती जण येत होते, हे विचारायची ती वेळ नव्हती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ ला सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली, तेव्हाही 'आपणच'. त्या आधी किती वर्षं पुरुषांचीच गदा होती, ते 'त्यांचं' होतं.

बायकांचा संघ अगदीच नसेल तर काय करायचं, असा प्रश्न एका वाचकाला पडेल. चांगला प्रश्न आहे. एकेकाळी आशिया चषकात दोनदा उपविजेता राहिलेला आपला महिला संघ २००९ मध्ये फिफाच्या यादीतून चक्क गायब झाला होता. खराब खेळल्यामुळे नव्हे. दीड वर्षाहून जास्त काळ त्यांना मॅचच मिळाली नव्हती. उताऱ्यावरून नावच कमी. अशा वेळी सरासरी कशी काढायची? काढायची नाही. तेव्हा ज्याचं त्याचं खातं वेगळं असतं.

हे सगळं सूत्र जमवून झाल्यावर माझ्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी मिरजेला बहिणीला फोन केला. ती शाळेत गणित शिकवते. म्हटलं, तपासून दे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाली, "दादा, रँकिंग कशाला, मॅचेसच एकत्र कर की. थायलंडचं घे. जूनला आपली पोरं थायलंडला गेली होती ना?"

गेली होती. ४ जून २०२५, बँकॉकजवळ. ०-२ नं हरली.

"आणि पोरी?"

५ जुलै, चियांग माय. २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, जायची भारताच्या मुलींची ही पहिलीच वेळ, हेही मी जरा अभिमानानं सांगितलं.

"मग मांड," ती म्हणाली. "आपले शून्य आणि दोन, दोन. त्यांचे दोन आणि एक, तीन. दोन-तीन. सामाईक हरलो." शिट्टी झाली. "पोरींनी ऑस्ट्रेलियाचं तिकीट परत द्यायचं का मग?"

मी म्हटलं, असं थोडंच असतं, पुरुषही २०२७ च्या आशिया चषकाला गेले असते, मडगावात सिंगापूरविरुद्ध १-२ नं थोडक्यात गेलं, आणि थोडक्याची सरासरी काढली तर...

"दादा, भाजी लागतीय," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "घड्याळ चालतंय का रे अजून?"

चालतंय. दोनदा मशीन बदललं, पट्टा तिसरा आहे. आता नऊ वाजून पाच मिनिटं झालीत.