कोकमाचं सार अॅल्युमिनियमच्या टोपात नको

अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की अॅल्युमिनियमची सगळी भांडी घराबाहेर काढा, त्यानेच अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा आजार) होतो. हा संबंध अजून सिद्ध झालेला नाही, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उगाच धास्ती घालू नये.

पण आपल्या कोकणातल्या स्वयंपाकाबद्दल लेखात एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं. खरी काळजी इथेच आहे. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. आंबट आणि खारट पदार्थ तो थर खातात. आमचं जेवण तर सगळं आमसूल, चिंच नि कैरीवरचं! बांगड्याचं तिखलं टोपातच रात्रभर मुरत ठेवायचं, सार दोनदा उकळायचं, म्हणजे धातू जास्तच उतरणार. भात, दूध, चहाचं पाणी यात फारसं काही होत नाही. आंबट कालवणाला मातीचं मडकं किंवा स्टील घ्या. पितळ असेल तर कल्हई हवीच, नाहीतर कळकतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये पोटात जाणाऱ्या अॅल्युमिनियमची आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. पोटात गेलेल्यातलं एक टक्क्याहूनही कमी रक्तात जातं, नि तेही मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणूनच मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी जपायला हवं, आणि भांड्यांपेक्षाही पित्ताच्या गोळ्यांना. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. डायलिसिसवर कोणी असेल तर त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.