३० दिवस म्हणजे ३०च, मधे 'वर्किंग' घुसवू नका

हिरव्या टिकमार्कवाला तो मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. "कायद्याची मुदत मोजताना शनिवार, रविवार, सणाच्या सुट्ट्या धरत नाहीत, दिवस म्हणजे कामाचे दिवस." खाली चारपाच मुद्दे, एक्सेलचा फॉर्म्युला आणि "वकील मित्राकडून साभार". आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला, दोनदा मी सोडून दिला, आता नाही सोडणार, कारण मधल्या काळात माझ्या मामाने त्यावर विसंबून स्वतःचा घोळ करून घेतला.

मामाचं पशुखाद्याचं दुकान आहे. उधारीपोटी आलेला ८५ हजारांचा चेक बाउन्स झाला, बँकेचा रिटर्न मेमो हातात पडला ७ ऑक्टोबर २०२५ ला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ म्हणतं की चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस द्यायची. मामाने मेसेज समोर ठेवून कालनिर्णयवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. शनिवार-रविवार गेले, लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा गेला, ५ नोव्हेंबरची गुरुनानक जयंती गेली, तिसावा दिवस आला २१ नोव्हेंबरला. खरी मुदत संपत होती ६ नोव्हेंबरला. हा निवांत दिवाळी आटपून १२ तारखेला वकिलीणबाईंकडे गेला, त्यांनी मेमोवरची तारीख बघितली आणि सरळ विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

आता मुख्य मुद्दा, "दिवस म्हणजे वर्किंग डे". अहो, पण कुणाचा वर्किंग डे? राज्य सरकारची ऑफिसं फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून सगळ्या शनिवारी बंद, बँका फक्त दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, पोस्ट शनिवारी चालू, कोर्टाचं कॅलेंडर वेगळंच. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्या जिल्ह्याजिल्ह्यात बदलतात. म्हणजे एकाच चेकची मुदत सांगलीत एक आणि पणजीत दुसरी? आणि मामाचं दुकान तर रविवारीही उघडं असतं, मग त्याने कुठली सुट्टी वजा करायची? जिथे खरंच कामाचे दिवस धरायचे असतात तिथे तसं लिहिलेलं असतं. ऑनलाइन फ्रॉडमध्ये ग्राहकाची जबाबदारी किती, यावर रिझर्व्ह बँकेने २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात "तीन वर्किंग डेज" असं स्पष्ट होतं आणि ते ग्राहकाच्या होम ब्रँचच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे, कळवल्याचा दिवस सोडून, हेही होतं. नुसतं "दिवस" लिहिलं असेल तर कॅलेंडरवरचे दिवस, विषय संपला.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. "शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढे जाते." हे जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ (कायद्यांमधले शब्द आणि मुदती कशा वाचायच्या ते सांगणारा कायदा) च्या कलम १० मधून आलंय. कोर्टात किंवा ऑफिसात करायचं काम असेल आणि शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर पुढे उघडेल त्या दिवशी केलं तरी वेळेत धरतात (लिमिटेशन ॲक्ट, म्हणजे कोर्टात जाण्याच्या मुदतींचा कायदा, लागू असेल तिथे त्याचं कलम ४ साधारण हेच सांगतं). पण जरा डोकं चालवा ना, मधल्या सगळ्या सुट्ट्या वगळूनच मोजायचं असतं तर शेवटचा दिवस सुट्टीचा येईलच कसा? या कलमाची गरजच पडली नसती! मेसेजचा तिसरा मुद्दा पहिल्या मुद्द्याला खोटं पाडतो आणि फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही. शिवाय ही सवलत कोर्ट आणि ऑफिसपुरती, मामाने आपल्या गिऱ्हाइकाला पोस्टाने नोटीस पाठवायची तर तिच्या भरवशावर बसून चालत नाही.

आरटीआयचं उत्तर "३० वर्किंग डेजमध्ये" हेही चूक. कलम ७(१) मध्ये साधे तीस दिवस आहेत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायला मुदत संपल्यापासून ३० दिवस. तुम्ही सहा आठवडे उत्तराची वाट बघत बसलात तर अपिलाचे दहाबारा दिवस तिथेच गेले.

ईएमआय रविवारी कापत नाहीत म्हणे. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ते कापणारी बँकांची यंत्रणा, आठवड्याचे सातही दिवस चालतं, खात्यात पैसे ठेवा.

राहिला मेसेजमधला एक्सेलचा फॉर्म्युला, नेटवर्कडेज, जो दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजतो. मी ऑफिसात प्रोजेक्टची शेड्युलं करताना रोज वापरते, त्या कामाला उत्तमच आहे. पण तो सुरुवातीचा दिवसही मोजतो, आणि कायद्यात "अमुक तारखेपासून" असेल तर पहिला दिवस सोडतात, त्याच १८९७ च्या कायद्याचं कलम ९. आणि दिवाळी कधी आहे हे तुम्ही यादी दिल्याशिवाय त्याला कळत नाही, तो आपला फक्त शनिवार-रविवार वगळतो.

मामा वाचला तो चेकवरच्या तारखेमुळे. चेक २५ सप्टेंबरचा, तीन महिने चालतो, म्हणून बाईंनी परत बँकेत टाकायला लावला. परत बाउन्स झाल्यावर नव्या मेमोपासून नवी नोटीस देता येते, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला एमएसआर लेदर्स प्रकरणात हे मान्य केलंय. तसा तो परत आलाच, आणि यावेळी नोटीस चौथ्या दिवशी गेली. मामाला म्हटलं ते फुल्यांचं पान फाडून टाक आधी, तर म्हणतो, "असू दे गं, मागच्या बाजूला दुधाचा हिशोब आहे."