मधली चित्रं कुणी मागितली होती?

ती क्लिप आज तिसऱ्यांदा समोर आली. हाताने काढलेला जुना सिनेमा, सॉफ्टवेअरने ‘स्मूथ’ करून, म्हणजे मध्ये नवी चित्रं भरून, सेकंदाला ६० फ्रेमवर नेलेला. खाली सगळ्यांचं “वा, किती सुंदर!” कसलं सुंदर? ती मुलगी मान वळवते तेव्हा तिचा गाल विरघळतो, ते कुणालाच दिसत नाही?

हिशेब करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. हाताने काढताना एक चित्र बहुतेक वेळा दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. धावपळ असेल तरच दर फ्रेमला नवं. त्या १२ ची ६० केली की ४८ यंत्राने घुसडलेली. पाचातलं एकच माणसाच्या हातचं!

यंत्र मधली चित्रं काढतं ती दोन चित्रांमध्ये सारख्या अंतरावर. माणूस तसं काढत नाही. हालचालीच्या टोकाच्या मुख्य चित्राच्या कडेला छोटी पट्टी आखलेली असते: मधली चित्रं कुठे दाट, कुठे विरळ. सुरुवातीला आणि शेवटी जवळजवळ, मध्ये लांब लांब. म्हणून हालचाल हळू उचल घेते आणि अलगद थांबते. वळणारी मान सरळ रेषेत जात नाही, मध्ये किंचित झुकते, आणि पापणी बहुधा तिथेच मिटते. क्लिपमधली मुलगी नेमकी तिथेच विरघळते, कारण डोळा गेला कुठे हे यंत्राला कळत नाही. फटक्यासाठी तर चित्रकार मुद्दाम एक ताणलेलं, लांबडं चित्र एकाच फ्रेमपुरतं घालतो. ते दिसत नाही, नुसता झटका जाणवतो. यंत्र त्याच्या अलीकडे-पलीकडे भर घालतं आणि झटका बुळबुळीत होतो.

कॅमेरा आडवा सरकताना २४ फ्रेमला पार्श्वभूमी थरथरते, मान्य. म्हणून अभिनय पुसायचा?

वर ती ‘सफाई’, म्हणजे फिल्मचे दाणे, चित्रावरचे बारीक ठिपके, पुसणं. डिस्नेने १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, उतरवली, त्याआधी ती शाईने गिरवायचे. त्या खरखरीत रेघेत चित्रकाराचा हात दिसतो. दाणे जास्त पुसले की ती रेघही तुटते आणि मिशा, केस गायब.

८० मिनिटांच्या सिनेमात १,१५,२०० फ्रेम असतात. एकच पात्र सतत पडद्यावर असेल तर दोन-दोन फ्रेमच्या हिशेबानेही ५७,६०० चित्रं. आणि इतकं काढणारी माणसं कधीकधी काहीच हलवत नाहीत. पात्र वाईट बातमी ऐकतं, चेहरा अर्धा सेकंद तसाच. मग वेगळ्या सेलवरची पापणी तेवढी लवते. तिथे लहान मूलही गप्प होतं. इतक्या वर्षांनंतर हे सिनेमे पुन्हा लावावेसे वाटतात ते या थांबण्यासाठी.

आज मुलांना दाखवणार असाल तर आधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा. मोशन स्मूदिंग, म्हणजे मधली चित्रं भरणारी सोय, बंद करा; नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, शोधा. दाणे पुसणारं नॉइज रिडक्शन अगदी कमी. मग तीच मान वळताना बघा.