ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणणं आता पुरे करा राव

मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढेल, विश्वास वाढेल, नाती टिकतील, असलं रील दिसलं की माझं डोकंच फिरतं. म्हणजे मिठीला माझी अजिबात ना नाही हां, खुशाल मारा, पण त्या बिचाऱ्या रेणूच्या गळ्यात किती काय बांधायचं याला काही लिमिट?

बाळंतपणात गर्भाशयाचं आकुंचन आणि बाळाने तोंड लावलं की पान्हा येणं, ऑक्सिटोसिनच्या या दोन कामांबद्दल कुणाचाच वाद नाही. नऊ अमिनो आम्लांची साखळी, 1953 मध्ये विन्सेंट डू विन्यो यांनी ती लॅबमध्ये बनवली आणि 1955 ला त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. वाद आहे तो पुढच्या उडीचा, म्हणजे या कामांवरून थेट विश्वास आणि प्रेमावर मारलेल्या.

ती उडी पडली 2005 मध्ये. झुरिकच्या टीमचा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला पेपर. गेम सोपा होता: तुमच्याकडे खेळातल्या पैशांचे 12 युनिट, त्यातले 0, 4, 8 किंवा सगळे 12 समोरच्या अनोळखी माणसाला द्यायचे, दिलेले तिप्पट होऊन त्याच्याकडे जातात आणि परत किती द्यायचे ते त्याच्या मर्जीवर. नाकात ऑक्सिटोसिनचा स्प्रे मारलेल्या 29 जणांपैकी 13 जणांनी सगळेच्या सगळे देऊन टाकले, नुसता प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला स्प्रे, मिळालेल्या 29 पैकी 6 जणांनी. 13 विरुद्ध 6, बस्स, एवढ्या आकड्यांवर जगभर 'ट्रस्ट हार्मोन'चा डंका वाजला, पॉल झॅक या अमेरिकन संशोधकाने तर त्याला 'मॉरल मॉलिक्युल' म्हणजे नैतिकतेचा रेणू करून टाकलं आणि दिवसाला आठ मिठ्यांचं प्रिस्क्रिप्शनही दिलं 😄

मग 2020 मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, सगळा प्लॅन आधीच जाहीर करून आणि 677 लोकांवर. विश्वास काही वाढला नाही. मधल्या काळात मत्सर वाढतो, दुसऱ्याच्या फजितीचा आनंद वाढतो, आपल्या गटाकडे कल वाढतो असेही पेपर आले, मग लोक म्हणाले की हे संदर्भावर अवलंबून आहे. मला हे स्पष्टीकरण फार सोयीचं वाटतं, कारण प्रेम दिसलं तरी बरोबर आणि मत्सर दिसला तरी बरोबर, मग ते चुकणार तरी कधी?

आणि स्प्रेचं काय? मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये चाळणी असते, ऑक्सिटोसिन तिच्यातून सहजासहजी जात नाही, रक्तात गेलेलं काही मिनिटांत निम्म्यावर येतं. लेंग आणि लुडविग या संशोधकांनी 2016 मध्ये हाच मुद्दा लावून धरला की नाकात मारलेल्यातलं मेंदूपर्यंत जातं ते अगदी नगण्य. काही जण म्हणतात थोडंसंही पुरतं. असेल, पण मग ते दाखवा ना.

मला यात सगळ्यात भारी कोण वाटतं सांगू? बेल्जियमची एक लॅब. यांचे स्वतःचे पॉझिटिव्ह पेपर गाजलेले, तरी 2016 मध्ये त्यांनी ड्रॉवर उघडून न छापलेलं सगळं बाहेर काढलं. 8 स्टडी, 453 माणसं, 25 टास्क, एकत्र हिशोब केला तर परिणाम शून्याच्या आसपास. स्वतःच्याच कामावर असा बोळा फिरवायला जिगर लागते आणि असल्या बातमीचं रील कुणी बनवत नाही.

हे नुसतं पेपरवाल्यांचं भांडण असतं तर सोडून दिलं असतं, पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना याच स्प्रेची आशा दाखवली गेली. 2021 मध्ये 290 मुलांवरच्या 24 आठवड्यांच्या ट्रायलचा निकाल आला, सामाजिक वागण्यात प्लासिबोपेक्षा फरक नाही. आशा विकणारे त्यावर चकार शब्द काढत नाहीत, चीड येते ती याची.

म्हणून ऑक्सिटोसिन म्हणजे सगळी थाप असंही मी म्हणणार नाही. प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, जोडी करून राहतो, त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटतं ती खोबण) औषधाने अडवला की जोडी जमत नाही, हे काम अनेक वर्षांचं आणि बऱ्यापैकी भक्कम. पण 2023 मध्ये क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राने तो रिसेप्टर जन्मापासूनच काढून टाकलेले व्होल जोड्या करत होते, माद्या वितही होत्या आणि पिल्लांना पाजतही होत्या! मला वाटतं जन्मापासूनच नसेल तर शरीर दुसरी वाट काढत असणार. आता मोठ्या झालेल्या व्होलमध्ये, मेंदूच्या एकेका भागात तो रिसेप्टर बंद करून बघत बसावं लागेल. किचकट काम आहे, वर्षं जातील, तोवर रीलवाले दुसरं हार्मोन धरतील.